बाहेरची कडी

प्रिय घुम्या,

रागावू नकोस, पण हे पत्र नक्की कोण वाचतंय याचीच मला शंका आहे. तुझ्या धर्मग्रंथासाठी केलेल्या बैठ्या मेजाच्या कप्प्याचा तळ मागून सरकतो, हे फक्त आपल्या दोघांना माहीत. तसला कप्पा तुला पहिल्यांदा दाखवला तेव्हा तू त्यात बोट चिमटून घेतलंस आणि वर माझ्यावरच डाफरलास. ही गोष्ट तू घरी बोलला नसशील तर पत्र तुझ्या हातात आहे. बोलला असशील, तर सगळंच मुसळ केरात. मग काका, नमस्कार. मेज मात्र मन लावून केलंय.

काका स्वतः आमच्या कारखान्यात आले होते. प्रार्थनामंदिराचे प्रमुख, रस्त्यात मी दिसलो की दुसरीकडे बघणारे तुझे वडील माझ्या फळीवरून हात फिरवून चक्क ‘वा’ म्हणाले! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणाले, ‘‘मुलाच्या खोलीला कडी बसवायचीय. बाहेरून.’’ तुझं लग्न ठरलंय म्हणे, आणि तोवर तू एकांतात प्रार्थना करणार आहेस, म्हणून ग्रंथासाठी हे मेजही त्यांनीच सांगितलं. तुझ्या लग्नाची बातमी मला अशी कळली, हातात पटाशी धरून उभा असताना. निघताना अगदी सहज म्हणाले, ‘‘त्यानंच मागितली रे कडी.’’ एवढे सुतार पडलेत, मग त्यांना नेमका मीच का आठवलो? काम करताना माझा चेहरा बघायचा होता का?

मी आलो तेव्हा तुला मुद्दाम बाहेर पाठवलं होतं. तुझ्या खोलीची खिडकी खिळे ठोकून बंद केलेली. प्रार्थनेच्या आड खिडकी येते होय रे? शाळेत पोरांना शिकवणारा, कमावता माणूस तू, आणि तुला कोंडायची ही तयारी! उशीखालून मी तुला करून दिलेल्या कंगव्याचं टोक दिसत होतं. क्षणभर जीव सुखावला. लगेच वाटलं, हा तू जपून ठेवलायस, की मी ओळखीचा हात लावतो का हे बघायला कुणी मांडून ठेवलाय? मी हात लावला नाही. फार जड गेलं.

तुझ्या देवावर माझा राग नाही. कारखान्याच्या माळ्यावर माझ्या केसांतला भुसा वेचत तू बसायचास, प्रार्थनामंदिराची घंटा झाली की माझा हात सोडून डोळे मिटायचास, आणि प्रार्थना संपली की डोळे न उघडताच तोच हात परत शोधायचास. मला वाटायचं, म्हणजे याच्या देवाला चालतंय. अलीकडे तू हात शोधेनासा झालास. ‘‘मला आता खोटं बोलवत नाही,’’ म्हणालास. कुणापुढे, देवापुढे की काकांपुढे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. म्हणून काकांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. ते खोटं बोलले असतील तर मी त्यांच्याशी भांडेन. पण खरं बोलले असतील तर? माझं तुझ्यावर प्रेम आहे, घुम्या, आणि तरीही मला आज तुझी खात्री देता येत नाही.

काकू मात्र पूर्ण वेळ दारात उभ्या होत्या. पाळतीवरच म्हण ना. मी कडी बसवली, ती अडकवायचा कोयंडा चौकटीला लावला, त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांचे वडीलही सुतार होते, हे तूच सांगितलेलं, त्यामुळे मला घाम फुटला. काका यायच्या आत त्यांनी केरसुणी आणली, चौकटीखालचा भुसा झाडून घेतला आणि मला चहा विचारला. त्यांना काही कळलं, की त्यांनी नुसता केर काढला, कोण जाणे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुझं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. कोयंड्याला लांब स्क्रू लागतात. मी आखूड लावलेत, तेही मोठी भोकं पाडून, आत भुसा दाबून. खांद्यानं एक जोराचा धक्का दिलास की कोयंडा निखळून पडेल. इतकं कच्चं काम मी जन्मात केलेलं नाही. कडी तूच मागितली असशील, तर मी तुझ्या देवाशी भांडायला येणार नाही. रडेन आणि गप्प बसेन. राहायचं असेल तर राहा. पण दार उघडत नाही म्हणून राहू नकोस.

तुझाच,
तूच नाव ठेवलेला
भुश्या