बुचं मोजून कळवा

भोसरी, १५ एप्रिल १९७४

ती. खंडू दाजींस,
भीमराजचा स. जयभीम. वि. वि.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तुम्हाला त्यांची जुनी विलायती मोटार दिली, हे ऐकून आमच्या वर्कशॉपात सगळे माझ्याकडे पेढे मागताहेत. बारा मेला कस्तुरा त्याच मोटारीतून सासरी जाणार, म्हणजे मामाला काळजी आलीच. दिव्यांचे बल्ब मी इथून पाठवतो, पण मोटार सहा व्होल्टची की बारा? जुन्या गाड्या दोन्ही असतात. बॅटरीवर पाणी घालायची बुचं मोजून कळवा. एका बुचाला दोन व्होल्ट. तीन असली तर सहा, सहा असली तर बारा. मोजायला अक्काला सांगा, तुमचा चष्मा मला ठाऊक आहे.

रागावलात तरी लोभ तेवढा राहू द्या.
तुमचा मेव्हणा,
भीमराज


चाकण, २० एप्रिल

चि. भीमराजास खंडूचा जयभीम आणि आशीर्वाद.

चष्मा लावून, एकेकावर बोट ठेवून मोजली. व्हय, तीनच! मागच्या सीटच्या उजव्या अंगाखाली बॅटरी हाय. डाव्या अंगावर तुझ्या अक्कानं कोंबडी अंड्यांवर बसवलीय, तिकडं मला फिरकू देत न्हाई. मोटार माझी, पण निम्मी कोंबडीची.

अक्कानं एकच धरलंय. दोन्ही दिवे पेटल्याबिगर पोरीला मोटारीत बसवायची न्हाई. लग्न दिवसाउजेडी, मग दिवे कशाला, असं विचारलं तर तोंड फिरवती. तवा बल्ब लवकर धाड.

तुझ्यावर जीव हाय, पण उगा चढून जाऊ नगंस.
खंडू


भोसरी, ४ मे

ती. दाजींस स. जयभीम. वि. वि.

सहा व्होल्टचे बल्ब लावल्याबरोबर लख्ख पेटले आणि क्षणात उडाले, आणि तुम्ही मलाच भामटा ठरवलंत, हे तुमच्या गावाहून आलेल्या सोनबानं तिखटमीठ लावून सांगितलं. अहो, बल्ब उडाले म्हणजे व्होल्ट जास्त आहेत! बॅटरीवाले रंगराव म्हणतात, काही विलायती गाड्यांत सहा-सहाच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात, एकेका अंगाला एक. तुमच्या बॅटरीची एक जाड तार कोंबडीच्या दिशेनं जाते का बघा. जात असेल तर अक्काचे पाय धरा आणि कोंबडी उठवा. बारा व्होल्टचे बल्ब सोनबासोबतच देतोय. आठच दिवस उरलेत, माझा जीव टांगणीला लागलाय.

भामटा तर भामटा, पण आपला म्हणा.
भीमराज


चाकण, १४ मे

चि. भीमाला अक्काचा जयभीम आणि मायेचा आशीर्वाद.

अक्षर माझंच हाय, प्रौढ वर्गातलं. हसलास तर कान पिळीन. लग्नात तू फुलं टाकून, ताट अर्धं सोडून शिफ्टला पळालास, म्हणून पुढचं लिहिते.

कोंबडी मी उठवली न्हाई. अंड्यावरची उठवू नये. तुझे दाजी रोज तिच्यापुढं हात जोडून उभे! नऊ तारखेला अकरा पिल्लं निघाली, तवा सीट उचलली. खाली दुसरी बॅटरी, वर तीन बुचं. दाजींनी संध्याकाळी तुझे बल्ब लावले, ते पेटले. मग सीट मी घासून धुतली.

आता दिवे कशाला ते सांगते. माझ्या लग्नात आपली बैलगाडी गावानं इथल्या वेशीतून येऊ दिली नव्हती. तू आईच्या कडेवर होतास. नवरी मी, वढ्याच्या काट्याकुट्यातून चालत घरी आले. त्याचा सल तुझ्या दाजींनाबी मी कधी बोलून दाखवला न्हाई, पण विसरले न्हाई. परवा कस्तुरा त्याच वेशीतून गेली. ऊन मी म्हणत होतं, तरी दोन्ही दिवे लावायला लावले. पारावरची माणसं बघतच राहिली. मी दाजींना म्हटलं, इथं जरा हळू घ्या.

एक पिल्लू तुझ्या नावाचं राखलंय, न्यायला ये.
तुझी अक्का,
सोजरबाई