चंद्रभानशेठला गड्याचा मान

तीर्थस्वरूप मनकर्णाअक्का हिला ताडकळसहून धाकट्या बजरंगाचा पायाला हात लावून नमस्कार. तुझे गुडघे कसे हायत? दाजींचा खोकला थांबला का, का अजून तंबाखूच्या पुडीला वगळून सगळा दोष झरीच्या हवेलाच द्यायलेत? आमचं इकडं सगळं ठीक हाय. सोयाबीन गुडघ्यावर आलंय आणि तुझी भावजय माझ्याशी बोलायलीय, म्हणजे दोन्ही पिकं बरी हायत.

फोन असताना हा बाबा कागद का खरडायलाय, असं तुला वाटंल. तर आपला चंद्रभान ह्या घडीला माझ्याच ओसरीत, माझ्याच बाजेवर, माझंच बनियन घालून बसलाय, आणि फोन वाजला की 'अक्का हाय का? दे इकडं' म्हणून हातातून काढून घेतो. मला जे सांगायचंय ते त्याच्या कानावर जाण्यासारखं न्हाई. म्हणून सुगत मास्तर उद्या झरीच्या शाळेवर येतील तेव्हा त्यांच्या खिशात हे पत्र घालतो. (त्यांना चहा पाज. चहाचा विषय खाली येणार हाय.)

चंद्रभान आपला चुलतभाऊ, हे तुला सांगायची गरज न्हाई. तूच त्याला हाताला धरून शाळेत बसवायचीस आणि तो तुझ्याआधी घरी पोचायचा. पण तो मस्कतचा मोठा शेठ झाल्यापास्नं गावात त्याच्या कथेला इतके फाटे फुटलेत की खरी कथा ठाऊक असलेली आपण दोघंच उरलो. कुणी म्हणतं वाळवंटात त्याला सोनं सापडलं, कुणी म्हणतं एका अरबाचा जीव वाचवला. सापडलं बिपडलं काही न्हाई, सगळी करामत बर्फाची. सोळा वर्षांचा असताना बाजाराच्या दिवशी तो पहिल्या गाडीनं परभणीला जायचा, बर्फाची लादी भुशात घालून पोत्यात गुंडाळायचा आणि एसटीच्या टपावर चढवायचा. ताडकळसला उतरेपर्यंत लादी अर्धी आणि खिडकीतले प्रवासी ओले. उरलेल्या अर्धीचे गोळे करून लाल-हिरवं पाणी घालून विकायचा. त्याला ध्यास एकच, की लादी पुरीच्या पुरी कशी पोचंल. पोतं बदललं, भुसा बदलला, एकदा तर आपल्या आईची, तानुबाई काकूची, नवी गोधडीच गुंडाळली (तो मार तुला आठवत असंल, सोडवायला तूच गेली होतीस). पुढं मस्कतच्या बंदरावर मासळीवाल्यांचा बर्फ वाहायला लागला. तिथलं ऊन असं की आपला मे महिना त्याच्यापुढं सावली वाटावा, पण भुशातली अक्कल कामाला आली. आज सात मुलखांत त्याचे बर्फाचे कारखाने हायत, चारशे थंड्या गाड्या हायत, आणि ज्या घरात कधी अंडं शिजलं न्हाई त्या घरचा पोरगा अर्ध्या समुद्राची मासळी ताजी ठेवायलाय.

काकू गेल्या त्या साली तो निघाला. गोठ्यात काकूच्या कपिला गाईचे दोन गोऱ्हे होते, हौशा आणि नवशा. जाताना त्यानं दोघांचा कासरा माझ्या हातात दिला आणि म्हणला, "पोळ्याला आपली जोडी पहिली निघाली पाहिजे." पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी आपल्या घरची, हा मान आज्याच्याही आधीपास्नं. तेव्हापास्नं एकतीस वर्षं दर पोळ्याला त्याचा फोन, आधी बाजारातल्या एसटीडीवर, मग माझ्या खिशात. सवाल एकच, जोडी निघाली का पहिली? जवाब एकच, निघाली. हौशा-नवशा म्हातारे होऊन गेले, त्यांच्या जागी कपिलेच्याच वंशातली दुसरी जोडी आली, तिचीही नावं तीच ठेवली. इथपर्यंत माझं इमान साफ होतं.

पाच वर्षांमागं ट्रॅक्टर आला आणि मी जोडी विकली. तेव्हा तू मला फोनवर जे बोललीस ते मी विसरलो न्हाई, आणि तेव्हापास्नं तुझ्याशी गुराढोरांचा विषय जपूनच काढतो. पण मान राखायचा कसा? आदिनाथ पाटील त्या मानावर टपून बसलेला (त्याची जोडी कायम दुसरी, त्याच्या बापानं दुसऱ्या नंबरावरच डोळे मिटले). शेवटी गावातल्या जाणत्यांनी तोड काढली. ज्याच्या दावणीला बैल न्हाई त्यानं मातीचे बैल पुजायचे ही रीत तर हायच, मग बजरंगनं मातीचीच जोडी घेऊन तोरणाखालून पहिलं जावं. तर अक्का, पाच पोळे मी डोक्यावर पाट घेऊन, पाटावर मातीचे हौशा-नवशा घेऊन, हलगीच्या तालावर वेशीतून गेलोय. दुसऱ्या साली आदिनाथच्या बैलानं मागून जीभ लांब करून माझ्या नवशाचं एक शिंग चाटून टाकलं. सांजच्याला चंद्रभानाचा फोन, जोडी निघाली का पहिली? मी म्हणलो, निघाली. ह्यात खोटं काय ते तू दाखव. जोडी कशाची, हे त्यानं विचारलं न्हाई. फोटू मागायचा तेव्हा दिसंल त्या बैलाचा धाडायचो. एका साली म्हणला, नवशा तांबडा होता, पांढरा कसा झाला? मी म्हणलो, फोन नवा घेतलाय.

औंदा आखाडात त्यानं कळवलं, पोळ्याला येतो. आता 'पुढच्या पोळ्याला येतो' हे त्याचं ठरलेलंच. विमान हैदराबादला उतरायचं, मीटिंग व्हायची आणि विमान परत जायचं. म्हणून मीही ठरलेलंच बोललो, की तुझी कामं मोठी, जमलं तर बघ. तर त्यानं खरंच जमवलं. तिकिटाचा फोटू आला आणि माझं जेवणच गेलं. सगळ्या शिवारात फिरलो, पण सणाच्या दिवशी माणूस एक वेळ मोटारसायकल देईल, बैल देत न्हाई. शेवटी तीन किलोमीटरवरच्या वाडीतला मुंजाजी तयार झाला. त्याची लाल कंधारी जोडी बघत राहावी अशी हाय. अट एकच, तोरण झालं की जोडी त्याच्या दारात पूजेला पाहिजे, त्याची आई सरजाबाई उपाशी वाट बघती. आणि जाता जाता एक बारीक गोष्ट सांगितली, की नावानं हाक मारल्याशिवाय बैल पाऊल उचलत न्हाईत. नावं हायत कलेक्टर आणि तहसीलदार.

आदल्या दिवशी खांदमळणीच्या वेळेला चंद्रभान आला. मला वाटलं होतं शेठ म्हणजे काळा चष्मा, मागं चार माणसं. उतरला तो एकटाच, भाड्याच्या गाडीतून, आणि पाणीही न पिता तडक गोठ्यात. बाह्या सारल्या, पळसाच्या पानानं हळद-तूप घेऊन कलेक्टरचा खांदा मळला, आणि काकू म्हणायच्या तसं बैलाच्या कानाशी लागून म्हणला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आणि अक्का, तो तिथंच थांबला. हळदीचा हात बैलाच्या मानेवर तसाच आणि डोळ्यांना धार. परक्याच्या बैलाच्या गळ्यात पडून हा माणूस रडायला होता आणि मी शेजारी तुपाची वाटी धरून उभा. मला लय लाज वाटली, खरं सांगतो. थोड्या वेळानं म्हणला, हौशा माझ्याकडं वळून बघत न्हाई. मी म्हणलो, तुला पहिल्यांदाच बघतोय, बुजलाय.

पोळ्याला सगळा गाव वेशीपाशी. मंगलाष्टकं झाली, बैलांवर अक्षता पडल्या. चंद्रभान फेटा बांधून, कासरा धरून पुढं, मागं आदिनाथ. सरपंचांनी हात केला आणि चंद्रभान म्हणला, चल रे हौशा. हौशा कान सुद्धा हालवीना. मग नवशाला म्हणून बघितलं. मग सगळा गाव हौशा-नवशा करून ओरडायला लागला (जोडी कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण आपल्या गावचा माणूस गुपित ठेवतो ते मजा बघून होईपर्यंत). चंद्रभाननं पुढून ओढलं, मी मागून रेटलं, दोन्ही बैल देवळाच्या खांबासारखे उभे. आदिनाथ गोड आवाजात म्हणला, जमत न्हाई तर बाजूला घ्या, मागं खोळंबा व्हायलाय. मारुतीच्या पाराआड मुंजाजीला मी लपवून ठेवलं होतं. त्याला आपल्या बैलांची ही बेइज्जती बघवली न्हाई. तो पारावर चढला आणि खच्चून ओरडला, "कलेक्टरसाहेब, निघा!"

कलेक्टर निघाला, आणि तहसीलदार त्याच्या मागं, रीतच तशी. तोरण तुटलं, मान राहिला, हलगी कडाडली. पण जोडी काही थांबंना. मालकाचा आवाज ऐकला, पुरणपोळी आठवली, आणि दोघं देवळाला वळसा न घालता वाडीच्या रस्त्याला लागले. चंद्रभाननं कासरा सोडला न्हाई. बिचाऱ्याला वाटलं, एकतीस वर्षांत रीत बदलली असंल. फेटा सुटून मागं रस्ताभर पसरला, तो गोळा करत मी मोटारसायकलवर, त्यामुळं पोचायला उशीर झाला.

पोचलो तर हा प्रकार. सरजाबाईंना डोळ्यानं अंधूक दिसतं. त्यांनी जोडीच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं, घास भरवला, आणि बैलांमागं जो चिखलानं भरलेला माणूस उभा होता त्याला, जनावरं उशिरा आणली म्हणून आधी झापलं, मग कुंकू लावून गड्याचा मान दिला. पोळ्याला गड्याला द्यायचा टॉवेल, टोपी आणि पोटभर जेवण. सात मुलखांचा बर्फवाला डोक्याला टोपी घालून, दुधात बुडवून तिसरी पोळी खायला होता. म्हातारी विचारायली होती, कुठं असतोस कामाला? तो म्हणला, मस्कतला. मालक सुट्टी देतो का? तो म्हणला, एकतीस वर्षांत न्हाई दिली. सरजाबाईंनी त्याच्या पानात चौथी पोळी टाकली आणि म्हणल्या, "असल्या मालकाला सोड बाबा. माणसाचं न्हाई कळत त्याला."

चंद्रभाननं खाली मान घालून हो म्हणलं. मग बैल कुणाचे, म्हणून विचारलं. सरजाबाईंनी सांगितलं, आमच्याच गाईचे, ताडकळसच्या बजरंगनं एका दिवसासाठी नेले होते, त्याचा कुणी भाऊ परदेशातून यायचाय म्हणं, त्याला दाखवायला. चंद्रभाननं दारात माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या फेट्याकडं बघितलं.

येताना तो मागं बसला. ओढ्यापाशी म्हणला, गाडी थांबव. मी थांबवली आणि कानाखाली बसायची वाट बघत उभा राहिलो. तो म्हणला, "मी दरसाल म्हणायचो, पुढच्या पोळ्याला येतो. तू म्हणायचास, जोडी निघाली. आता कुणी कुणाला बोलायचं, बजरंग?" आणि हसायला लागला तो पार ओढ्याच्या काठावर बसून. मला मात्र रडू आलं. मग त्याला सगळं सांगितलं, पाट, हलगी, चाटलेलं शिंग. घरी आल्यावर त्यानं देवळीतला एकशिंगी नवशा मागून घेतला आणि आपल्या कपड्यांच्या घडीत ठेवला. मस्कतला नेणार म्हणतो.

ह्याला आज नऊ दिवस झाले. तिकीट दोनदा बदललं. सरजाबाईंची टोपी घालून गावभर फिरतो, आणि माझा फ्रीज पुरा खोलून बसलाय, ह्यात बर्फ मनासारखा होत न्हाई म्हणून. दाजींना नमस्कार, नातवंडांच्या गालाला माझा एकेक चिमटा.

तुझा, पाच वर्षं पाट वाहिलेला भाऊ,
बजरंग

ता. क. : पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. चंद्रभाननं विचारलं, कपिलेचा वंश कुठंच उरला न्हाई का? त्याचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, की तुझ्या लग्नात काकूनं कपिलेची पाडी आंदण दिली होती आणि तिचा वंश झरीला तुझ्या दावणीला अजून हाय. येत्या शुक्रवारी आमी दोघं तुझ्याकडं यायलाव. एक गोऱ्हा तो माझ्या गोठ्यात आणून बांधणार हाय.

आणखी ता. क. : अक्का, दर दिवाळीला तू सांगतीस, कपिलेची पणती चार लिटर दूध देती. आणि सुगत मास्तर म्हणतात, अक्काबाईंकडचा चहा छान असतो, त्या दुधाचं पाकीट नेहमी कात्रीनं कापतात. मी रागावलो न्हाई, मी कोणत्या तोंडानं रागावू? एवढंच सांगतो की कुणाची गाय मागून आणू नको. ती तिच्या घरी जाती आणि माणसालाही घेऊन जाती.

शेवटची ता. क. : गाय असो नसो, खरं काम वेगळंच हाय. खांदमळणीला तो का थांबला ते काल त्यानं सांगितलं. म्हणला, बैलाला आवतण देताना ध्यानात आलं, ह्या घरातून मला कुणी कधी दिलंच न्हाई. खरं हाय अक्का. तू, मी, सगळेच म्हणत आलो, तू मोठा माणूस, जमलं तर बघ. ये म्हणून कुणी म्हणलं न्हाई. तेव्हा गुरुवारी सांजच्याला त्याला एक फोन कर आणि काकू म्हणायच्या तसं म्हण.

शेवटच्याच्या नंतरची : हे लिहिताना तो कधी मागं येऊन उभा राहिला मला कळलं न्हाई. अख्खं पत्र वाचलं. मग टोपी नीट केली आणि म्हणला, "अक्काला लिही, आवतण पोचलं." मी म्हणलो, अरे, तिनं अजून दिलं कुठंय? तर म्हणला, "तू लिही. पुरंच्या पुरं पोचलं."