खाऱ्या पाण्याची शिस्त

२६ जुलै
उघाडी बंद करायला मी विसरले, असे माझे दीर भिकाजी काल देवळातल्या बैठकीत सर्वांदेखत म्हणाले. म्हणून लिहिते. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप. भरतीला बंद, ओहोटीला उघडी. तिचे लोखंडी हँडल सासऱ्यांपासून आमच्या घरात आहे. यंदा माझे भात गेले तर हँडल काढून घेणार म्हणे!
मी विसरले नव्हते. खारे पाणी मुद्दाम आत घेतले. प्रयोग आहे. हे मला आज सकाळी स्पष्ट झाले.

२७ जुलै
शास्त्र माझ्या बाजूने. मी बी.एस्सी., बॉटनी, १९८४. मुळाच्या प्रत्येक पेशीला पातळ आवरण, त्यात प्रथिने बसवलेली. काही दारांसारखी, काही पंपांसारखी. मीठ वाढले की पेशीत निरोप जातो आणि ठरावीक प्रथिने सोडियमला धरून बाहेर काढतात. म्हणजे प्रश्न फक्त सवयीचा. तीस वर्षे शाळेत तेच केले. लाडाने पोरे बिघडतात, रोपेही.

३० जुलै
भावोजी आमच्या दोघांच्या शेतांमधल्या मेरेवर उभे राहून म्हणाले, "वयनीनू, मीठ भात शिजताना घालतत, लावताना नाय." गडी हसले. उत्तर द्यायचे नाही असे ठरवले. मग त्यांना दहावीला गणितात किती मिळाले होते ते मोठ्याने सांगितले.

४ ऑगस्ट
पानांची टोके पिवळी. पहिल्या आठवड्यात कुठल्याही वर्गात रडारड होतेच. भरतीला पुन्हा थोडे पाणी सोडले. हँडल जाम झाल्याने थोडे राहिले नाही. माझा दोष नाही.

९ ऑगस्ट
उधाण. पाणी मेर ओलांडून भावोजींच्या शेताच्या कोपऱ्यात शिरले. "तुमचो प्रयोग तुमच्याच कुणग्यात ठेवा!" असे ओरडत आले. त्यांच्या रोपांनाही वळण लागेल. आभार मानणे दूरच.

१४ ऑगस्ट
भावोजींची अक्षया कृषी महाविद्यालयात शिकते. पाठिंबा मिळावा म्हणून पोह्यांना बोलावले. म्हणाली, ती प्रथिने असतात, पण या जातीत कमजोर. खाऱ्या जमिनीचे बियाणे वेगळे. शिवाय सोडियम बाहेर काढायला ऊर्जा लागते. रोपाची सगळी त्यातच गेली तर दाण्याला काय उरणार? वर मलाच, "काकी, दिसभर दारात उभी रवान लोकांका हाकलीत रवलंस, तर जेवण कधी रांदतलंस?"
उद्धट. पोहे मात्र दोनदा घेतले. पुन्हा बोलावणार नाही.

२ सप्टेंबर
अर्धी रोपे मेली. दुर्बळ होती. उरलेली माझी.

६ ऑक्टोबर
जिंकले! माझ्या लोंब्या ताठ उभ्या. भावोजींच्या सगळ्या माना खाली घालून. शिस्तीचा फरक रस्त्यावरूनही दिसतो. बैठक बोलवा, असे मीच कळवले.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
एक लोंबी चिमटीत दाबून पाहिली. मग दुसरी. मग बांधापर्यंतच्या सगळ्या. आत काही नाही.

९ ऑक्टोबर
बैठकीत सुपूर्द केले : उघाडीचे लोखंडी हँडल, एक. साखळी, एक. कुलूप, किल्लीसह. घेणार, भिकाजी. मी सही मागितली. म्हणाले, "वयनीनू, घरातल्या घरात सही कसली?"
सहीशिवाय दिले.