तांब्या घेऊन साडेबारा मैल

कोल्हार,
२८ जानेवारी १९७२

प्रिय अंबू,

रीतीप्रमाणे ‘चि. सौ. अंबिका हिस अनेक आशीर्वाद’ असं लिहायला हवं होतं. पण आज तुला आशीर्वाद देण्याइतका मी मोठा आहे का, याचीच मला शंका आहे. कारण शेवटी येईल. तू कोणतंही पत्र शेवटाकडून वाचायला घेतेस हे ठाऊक असल्यामुळे शेवटचं पान वेगळी घडी घालून आत खोचलं आहे. ते आधी उघडू नकोस. एकदा तरी थोरल्या भावाचं ऐक.

लढाई थांबली त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. तुझी लीना आठशे मीटरमध्ये जिल्ह्यात पहिली आली, आता बारा फेब्रुवारीला राज्याच्या स्पर्धेसाठी पुण्याला जायचं म्हणते; इकडे जामखेडचं स्थळ जवळजवळ ठरलेलं, आणि त्या मंडळींनी निरोप धाडलेला की चारचौघांदेखत मैदानात पळणारी मुलगी आमच्या घरात चालायची नाही. पोरीचा बाप म्हणून शामकांतराव म्हणाले, मार्तंडराव शास्त्री माणूस, ते देतील तो निर्णय मला मान्य. आणि तू लिहिलंस, ‘दादा, पोरगी तुझं ऐकते. तिला चार शब्द लिही. मुलीच्या जातीला पळून जायचंय कुठे?’ मी उलट टपाली कार्ड टाकलं, की सव्वीस जानेवारीनंतर निर्णय कळवतो, तोवर जामखेडला होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका, आणि पोरीचा सराव बंद करू नका. तुम्हा दोघांना वाटलं असेल, दादा पोथ्या सोडून बसला. अंबू, मी एकही पोथी सोडली नाही. आमच्या न्यायशास्त्रात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. त्यांत प्रत्यक्ष पहिलं. शब्द सगळ्यांच्या शेवटी, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. तेव्हा पळण्याविषयी निर्णय द्यायचा तर शास्त्र्याने आधी पळून बघावं, हे ओघानेच आलं. खरं सांगायचं तर मी तुझ्या पत्राच्या दीड वर्ष आधीपासून पळतो आहे. कळवलं नाही, कारण तू हसली असतीस. आता हस.

सुरुवात झाली ती सत्तरच्या जूनमध्ये. नगरला पेपर तपासायला जायचं होतं आणि एस.टी. सुटली. मी धोतर आवरून तिच्यामागे धावलो, चौदा-पंधरा पावलं असतील. कंडक्टर माझाच विद्यार्थी निघाला, त्याने दया येऊन गाडी थांबवली. पण आत बसल्यावर राहुरी येईपर्यंत माझ्या तोंडातून शब्द फुटेना. कंडक्टर घाबरून दर दोन मिनिटांनी ‘गुरुजी, आहात ना?’ असं विचारत होता. मी बोलायचा थांबलो असा गेल्या पंचवीस वर्षांतला तो एकमेव प्रसंग, आणि तो बघायला आपण गाडीत नव्हतो, याची तुझ्या वहिनीला अजून हळहळ आहे. मला मात्र लाज वाटली. पंचेचाळिसाव्या वर्षी पंधरा पावलांत माणूस संपतो, तर पुढची वीस वर्षं तो करणार काय?

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाटाच्या कडेने पळायला निघालो. आपल्या गावात माणूस विनाकारण पळत नाही, हे मी विसरलो होतो. भिमाजीने, तोच तो आपल्या मळ्याशेजारचा, मला पाहिलं, मोट सोडावी तशी हातातली दावी सोडली आणि ओरडत माझ्यामागे लागला, ‘गुर्जी, कुठं पेटलं? आरं, पळा रं, गुर्जी पळाय लागल्यात!’ मी थांबून सांगावं तर दम नाही, आणि न थांबावं तर मागची माणसं वाढतायत. पुलापाशी पोचलो तेव्हा माझ्यामागे सात जण होते, एकाच्या हातात कोयता, दोघांच्या हातात बादल्या. काहीच पेटलेलं नाही हे कळल्यावर त्यांना जी निराशा झाली, ती माझ्याच्याने बघवेना. भिमाजी म्हणाला, ‘मंग उगाच कशापायी पळताय? बरं हाय न्हवं?’ मी म्हटलं, प्रकृतीसाठी. तो म्हणाला, ‘प्रकुर्ती बिगडलेला मानूस निजून ऱ्हातो.’

तोड काढली ती आपल्याकडे दूध घालणाऱ्या कडूबाईने. म्हणाली, ‘गुर्जी, हातात तांब्या घ्या. तांब्यावाल्याला कुनी इचारीत न्हाई, कुठं चाललास म्हनून. पळत आसला तर मुळीच न्हाई.’ अंबू, याहून मोठं शास्त्रवचन मी काशीच्या पंडितांकडूनही ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या घेऊन पळू लागलो. लोक नुसते विचारत नव्हते असं नाही, तर अदबीने वाट सोडत. हां, पुढे त्याचेही परिणाम झालेच. दररोज पहाटे गुरुजी इतक्या घाईने जातात म्हटल्यावर गावभर माझ्या आतड्यांची चौकशी सुरू झाली. कोणी बेलफळ आणून दिलं, कोणी सुंठ. हेडमास्तरांनी बाजूला घेऊन रजेचं सुचवलं. आणि मी त्यासाठी चार-चार मैल का जातो, याचा उलगडा कोणीतरी पारावर असा केला म्हणे, की ‘बामनाचं सोवळं, लई कडक आसतं.’

तेव्हापासून माझा नेम असा: साडेचारला उठायचं, मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा, नगरहून आणलेले कॅन्व्हासचे बूट, धोतराचा काचा, आणि तांब्या. पावलांना ताल म्हणून ‘देव’ शब्दाची रूपं. देवः देवौ देवाः करत संबोधनापर्यंत पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. गेल्या पावसाळ्यात मी एकाएकी असामान्य वेगवान झालो. अर्ध्या तासात पाचवा दगड! दोन दिवस मी वर्गात छाती काढून हिंडलो. तिसऱ्या दिवशी उजेडात नीट पाहिलं, तर रस्तेवाल्यांनी मैलाचे दगड उपटून तिथे किलोमीटरचे बसवले होते. तुझी वहिनी म्हणाली, ‘आता मीटरचे बसले की विमानच व्हाल.’ पण त्याचा एक फायदा झाला. आधी मी नुसता पळत होतो. त्या दिवसापासून मला कुठवर पोचायचं आहे हे वाटायला लागलं. चटकच लागली, रोज कालच्यापेक्षा एक दगड पुढे. आणि तुला सांगतो, सहाव्या दगडापाशी उसाच्या पट्ट्यांतून गार वारा येतो, दम बसतो, पाय आपले आपण चालायला लागतात, तेव्हा अंगात जे काही उतरतं त्याला माझ्याकडे संस्कृतात शब्द नाही. मराठीत तर नाहीच. तुझ्याकडे असेल.

लढाई जिंकल्याच्या आनंदात तालमीतल्या पोरांनी सव्वीस जानेवारीला शर्यत ठरवली. पुलापासून राहुरीच्या रस्त्याने दहा किलोमीटर जायचं आणि परत यायचं, म्हणजे आपले साडेबारा मैल. अडीच तासांत पुलावर येईल त्याला बिल्ला. त्याच सुमारास तुझं पत्र हातात होतं. मी मनाशी ठरवलं: वेळेत आलो, तर निर्णय द्यायचा अधिकार माझा. नाही आलो, तर गपचूप लिहून टाकायचं, की शास्त्रात आधार सापडत नाही, तुम्ही म्हणता तसं करा. म्हणजे लीनाचं पुणं त्या सकाळी या सत्तेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांवर टेकलेलं होतं, आणि त्या बिचारीला त्याचा पत्ता नव्हता.

एकेचाळीस जण उभे राहिलो. ऊसतोडीची तगडी पोरं, कॉलेजातली दोन-तीन, सुटीवर आलेला एक शिपाई, आणि मी. तालमीतल्या पोरांनी तांब्याला हरकत घेतली. मी ठेवून पाहिला, पण अंबू, दहा पावलंही जमेनात. उजवा हात मोकळा सोडला की मी डावीकडे कलतो, दीड वर्षाची सवय ती. शेवटी शिपायाने निकाल दिला, ‘वझं घेऊन पळत्यात, त्यात आपलं काय जातंय?’ आणि आम्ही सुटलो. पहिले दोन मैल सगळे माझ्या पुढे. रस्त्यात उसाच्या गाड्या. एक गाडीवान ओरडला, ‘गुर्जी, पाट मागं ऱ्हायला! पुढं पानी न्हाई!’ मी देवान्, देवैः करत राहिलो. परतीच्या खुणेपर्यंत आधी वाऱ्यासारखी सुटलेली पोरं बांधावर बसलेली दिसू लागली. मोठ्या समाधानाने मी त्यांना तांब्यातलं पाणी देऊ केलं.

मग नवव्या मैलाला माझी पोटरी दगड झाली. मी किलोमीटरच्या दगडावर टेकलो. पंचमी विभक्ती आठवेना. दोन पोरं पुढे गेली. वाटलं, झालं एवढं पुष्कळ; शास्त्रात आधार नाही, असं लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि तेवढ्यात तुझ्या पत्रातलं ते वाक्य आठवलं. मुलीच्या जातीला पळून जायचंय कुठे. अक्षर तुझं होतं, पण कानात आला तो आपल्या तात्यांचा आवाज. शब्दाला शब्द त्यांचाच. चौतीस वर्षांपूर्वी त्यांनी तुला ऐकवलेलं वाक्य तू तसंच्या तसं जपून ठेवलंस, आणि आता लेकीला आंदण द्यायला काढलंस. मी उठलो. पोटरीवर तांब्यातलं पाणी ओतलं, दोन शिव्या घातल्या, त्या प्राकृतात होत्या, आणि निघालो. पुढचे साडेतीन मैल कोणत्या विभक्तीत गेले ते मला ठाऊक नाही.

पुलावर पोचलो तेव्हा दोन तास बावीस मिनिटं झाली होती. एकेचाळीसांतले सव्वीस पुरे पळाले, त्यांत मी एकोणिसावा. म्हणजे सात तरणे माझ्या मागे आले, हे या पत्रात पुन्हा एकदा आलं तर क्षमा कर. भिमाजी बादली वाजवत होता. ज्यांनी ज्यांनी माझ्यासाठी बेलफळं आणली होती, ते सगळे ओरडत होते. कडूबाई सगळ्यांना सांगत होती, ‘तांब्या म्या सांगितला!’ आणि कठड्याशी घोंगडी टाकून मनकर्णाकाकू बसल्या होत्या. ऐंशी वर्षांच्या, डोळ्यांनी अधू. माझा हात चाचपून म्हणाल्या, ‘मार्तंडा, चांगलं पळलास. पन आंबी आसती तर कवाच पोचली आसती. वाऱ्यागत पळायची पोर. म्या घाटावर धुनं ठिवून बघत बसायची.’ आणि नेहमीसारखं विचारलं, ‘माझी याद काढती का रं?’ मला छातीवरचा बिल्ला एकदम जड झाला.

तर आता निर्णय. लीनाने पळावं. पुण्याला जावं, आणि जिंकली नाही तरी पुढच्या वर्षी पुन्हा जावं. शामकांतरावांनी आधार विचारला तर सांग, प्रत्यक्ष. साडेबारा मैल, दोन तास बावीस मिनिटं, मागे सात तरणे. जामखेडच्या मंडळींना मी स्वतः लिहितो, की थांबायचं असेल तर थांबा. मुलगी काही तुमच्यासाठी थांबणार नाही. दहा तारखेच्या एस.टी.ने मी कर्जतला येतो आणि लीनाला घेऊन पुण्याला जातो. सोबत तांब्या असेल. पोरीला लाज वाटली तर पिशवीत ठेवीन.

आता हे घडी घातलेलं पान. अंबू, मी नाशिकच्या पाठशाळेत जायच्या आदल्या दिवशी आपण वाळूत पळालो होतो, घाटापासून पलीकडच्या बाभळीपर्यंत. तू अकरा वर्षांची, परकर खोचलेला. मी तेरा वर्षांचा, आणि तू मला सगळ्या पोरांदेखत हरवलंस, रोजच्यासारखंच. पण त्या दिवशी पोरांनी माझ्या शेंडीवरून ओव्या रचल्या. संध्याकाळी तात्यांनी तुला बोलावून ते एक वाक्य ऐकवलं, आणि त्यानंतर तू पळाली नाहीस. घाटावर मनकर्णाकाकू धुणं धूत होत्या, म्हणून त्यांनीच चहाडी केली असं तू धरून चाललीस. चौतीस वर्षं माहेरी आलीस की त्यांच्या दारावरून तोंड फिरवून गेलीस. हळदीकुंकवालाही कधी बोलावलं नाहीस. त्यांनी काही सांगितलं नव्हतं, अंबू. तात्या संध्येला बसले असताना मी जाऊन सांगितलं. हे पत्र त्यासाठी आहे. बाकीचा सगळा मजकूर इथवर यायला धीर हवा म्हणून. काकूंना एक कार्ड टाक, फार दिवस हातात नाहीत. मला रागावायचं असेल तर दहा तारखेला समोर रागाव, मी पळून जाणार नाही, आणि आता जाऊ शकतो हे लक्षात घे. आणि उन्हाळ्यात माहेरी ये. नदी आटलेली असेल, वाळू पहाटे गार असते, बाभूळ अजून उभी आहे. लीना बाजूला उभी राहून वेळ मोजेल. या खेपेस हरलो, तर घरी सांगणार नाही.

तुझाच,
मार्तंडदादा