पुलाच्या लढाईचे दोन खंड

३ मार्च, सकाळी ६.१०
संकल्प. पुलाच्या लढाईवरचे दोन्ही खंड वाचनालयातून आणले. एकूण पानं ९६४. रोज चाळीस वाचली की पंचवीस दिवसांत फडशा. १२ एप्रिलला वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान. ग्रंथपालबाई फक्त ‘बघू’ म्हणाल्यात, पण त्यांचं बघू म्हणजे हो. विषय : डावपेच. शिवाय हुकमाचा एक्का घरातच आहे. सासरे त्या लढाईत होते. ऑफिसात बावीस वर्षं सांगतोय.

४ मार्च
आठ पानं. ती प्रस्तावना होती. प्रस्तावना धरत नाहीत.

७ मार्च
पान ३१. काय मजा असते या पुस्तकांत! नकाशा उघडायचा, बाण बघायचे आणि ठरवायचं की या सेनापतीला अक्कल नव्हती. ऑफिसात असं कुणाबद्दल मोठ्याने बोलता येत नाही.

बायकोनेही वाचनालयातून पुस्तक आणलंय. सैन्यात स्वयंपाक कोण करायचं, कपडे कोण धुवायचं, घरचं पत्र किती दिवसांनी मिळायचं. चारशे पानं! हा इतिहास? मग आमच्या मोरीवरही एक खंड काढा म्हणावं. तसं म्हणालो. ती म्हणाली, काढला तर मी वाचेन, निदान ती कोण घासतं ते छापून येईल. तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर सुचलं, पण ती तोवर झोपली होती.

१० मार्च
सासऱ्यांची मुलाखत, प्रयत्न पहिला. तीन वर्षं आमच्याकडे राहतात, पण लढाईबद्दल चकार शब्द नाही. आज जेवणाच्या टेबलावर सगळी मांडणी केली. पट्टी म्हणजे पूल. चमचे म्हणजे आपण. मिठाची बरणी म्हणजे शत्रूचं मुख्यालय. विचारलं, तोफा डाव्या बाजूला होत्या की उजव्या? सासरे म्हणाले, जावईबापू, मीठ जरा इकडे द्या.
लग्नाला बावीस वर्षं झाली. ‘या’, ‘बसा’ आणि ‘मीठ द्या’. यापलीकडे हा माणूस माझ्याशी बोललेला नाही. मी काय घरगडी आहे?

१४ मार्च
पान ४१. ऑफिसात सगळे मला ‘जनरल’ म्हणतात. आदर असतो, मागावा लागत नाही. आज मात्र डिस्पॅचमध्ये गोंधळ. खोक्यांची झाकणं एका गिऱ्हाइकाकडे गेली आणि खालचे भाग दुसऱ्याकडे. दोघांचेही फोन. मॅनेजरला समजावलं की रसद तुटणं हे भल्याभल्या सेनापतींच्या नशिबी आलंय. मॅनेजर म्हणाला, जनरल, आधी चलनावर सही कुणाची आहे ती बघा. सही माझी होती. पण माल चढवणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला नकोत? त्याला झापलं.

१९ मार्च
पान ४७. इथे तोफांच्या वजनाचा तक्ता आहे. तक्ता नीट पचवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.
खंड दुसरा जागेवर नाही. बायकोच्या उशाशी सापडला. म्हणे नुसताच धूळ खात होता. नकाशे न बघता वाचत्येय. गाढवाला गुळाची चव काय!

२३ मार्च
मुलाखत, प्रयत्न दुसरा. या वेळी टेपरेकॉर्डर. विचारलं, पुलावर पहिली गोळी कुणी झाडली? सासऱ्यांनी डोळे मिटले. झोपले की नाटक केलं, कळलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.
पाऊण तासाने पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात गप्पा रंगलेल्या! बायको विचारत होती, मोजे ओले झाले की वाळवायचे कुठे? आणि सासरे हात हलवून हलवून सांगत होते. अंगाखाली घालून झोपायचं म्हणे, सकाळपर्यंत वाळतात. हसत होते! मी आत गेलो. गप्प झाले.
मोजे! लढाई जिंकली ती मोज्यांनी जिंकली का?

२ एप्रिल
कट. दुसरा शब्द नाही. ग्रंथपालबाईंनी बोलावून सांगितलं की १२ तारखेला व्याख्यान नाही, गप्पा आहेत. सासरे बोलणार, बायको प्रश्न विचारणार. बायकोने परस्पर ठरवलं. सासरे कबूल झाले! मी विचारलं, आणि माझं काय? बाई म्हणाल्या, तुमच्याकडे खुर्च्या.
अर्धा तास रस्त्यावरून नुसता चालत होतो. ज्याने दोन खंड आणले तो खुर्च्या मांडणार. बायकोशी अबोला.

५ एप्रिल
अबोला चालू. तिच्या अजून लक्षात आलेला नाही.

८ एप्रिल
विचाराअंती : खुर्च्या म्हणजे रसद, आणि ती भरवशाच्या माणसाकडेच देतात. शिवाय प्रश्नोत्तरांत मी उठणारच. तेव्हा कळेल सभागृहाला, खरा अभ्यास कुणाचा ते. पान ४७. तक्ता जवळजवळ पाठ.

१२ एप्रिल, संध्याकाळी ७.४०
आत्ताच आलो. क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फिरेल.
खुर्च्या ऐंशी. सगळ्या भरल्या. बायकोने विचारलं, बाबा, सैन्यात तुमचं काम काय होतं? सासरे म्हणाले, भांडारात कारकून. बूट, मोजे, कांबळी. कारकून! तिसऱ्या रांगेत माझ्या ऑफिसातले चौघे बसलेले. एकाने वळून माझ्याकडे बघितलं. खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

पुढे सासरे आपणहूनच बोलायला लागले. वाटेत बूट चोरीला जाऊ नयेत म्हणून डावे एका पेटीत आणि उजवे दुसऱ्या पेटीत पाठवायची पद्धत होती. एकटा डावा चोरून कोण काय करणार? तर त्यांच्या तुकडीचे बूट चालून चालून फाटलेले. पुलाकडे निघायचा हुकूम आलेला. नव्या बुटांच्या पेट्या आल्या, उघडल्या, तर सगळे डावे. दोनशे दहा डावे बूट. पेट्यांवरच्या चिठ्ठ्या सासऱ्यांनी लिहिल्या होत्या. तुकडी दोन दिवस अडकली. पुलावर त्यांच्या जागी दुसरी तुकडी गेली.

म्हणजे सासरे पुलावर नव्हतेच. त्यांनी पूल बघितलासुद्धा नाही. संताप असा आला की त्या टेपरेकॉर्डरचे तुकडे करावेत. बावीस वर्षं! एकदा तरी सांगायचं होतं मला!
तेवढ्यात सासऱ्यांनी सभागृहात मला शोधलं. म्हणाले, आमचे जावई दोन मोठी पुस्तकं वाचतायत त्या लढाईवर, त्यांचा अभ्यास आहे. जावईबापू, मला कधी विचारायचा धीर झाला नाही. आमच्या जागी जी पोरं गेली, ती आली का हो परत?

बावीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. ऐंशी माणसं माझ्याकडे बघतायत. मला फक्त तोफांची वजनं येत होती.
मी म्हणालो, आली. सासरे म्हणाले, सगळी? मी म्हणालो, सगळी.
सासऱ्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑफिसातल्या चौघांनीही. बायकोने वाजवल्या नाहीत. तिचं असंच असतं. प्रसंगावधान हा सेनापतीचा पहिला गुण, हे तिच्या पुस्तकात कुठून असणार!

१३ एप्रिल
सासरे सकाळी दोनदा माझ्याशी आपणहून बोलले. एकदा हवेबद्दल. एकदा, चहा घेणार का, म्हणून.
तुकडी परत आलीच असणार. अशा तुकड्या बहुधा येतात. तरी एकदा बघून ठेवतो.

१५ एप्रिल
रजा टाकली. सकाळपासून पहिला खंड, पान ४८ पासून. दुपारी दुसरा. नकाशे सोडून दिले.

१६ एप्रिल
खंड दुसरा, पान ३१२. एकशे साठ गेले. अकरा आले.
त्या अकरांचीच नावं छापलीयेत. बाकीच्यांना जागा नाही. तोफांच्या वजनाला अख्खं पान! कुणी लिहिलंय हे? भांडायला तरी कुणाशी जाऊ?

बायकोला दाखवलं. तिला ठाऊक होतं. मार्चमध्येच वाचलं होतं तिने. म्हणाली, म्हणून तर मी बाबांना मोज्यांपुढे काही विचारत नव्हते. मला सांगायचं होतंस, म्हणून ओरडलो. ती म्हणाली, दोन खंड वाचलेल्या माणसाला मी काय सांगणार?
ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल
पुस्तकं आज परत करून टाकायची ठरवलं होतं. पिशवीत भरली, चपला घातल्या, आणि सासऱ्यांनी हाक मारली. त्यांना आता छापील अक्षर दिसत नाही. दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. समोर माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवलेली. म्हणाले, पुस्तक जायच्या आधी ती पोरं परत आल्याचं पान तेवढं वाचून दाखवा.
बायको दारात उभी.
चपला काढल्या. बसलो. दुसरा खंड, पान ३१२ उघडलं, आणि त्यावर नव्हतं ते वाचायला लागलो. पहाटे निघाले. पूल ओलांडला. पाऊस नव्हता. दुपारपर्यंत सगळे एकशे साठ परत आले.
सासरे म्हणाले, जरा सावकाश वाचा.