बंकटचं दुखणं

प्रिय तानाजी,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'मी हाय ना किडनी द्यायला, ताई! सोमवारी येतो,' म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहितेय. पूर्ण वाच, अर्ध्यात सोडून गाडीला किक मारू नकोस.

प्रांजल बरी आहे असं मी गावाकडं सगळ्यांना सांगते. बरी नाही. डायलिसिस चालू आहे, तोंडावरची सूज चढते-उतरते. रक्त भरलं की गाल जरा लाल दिसतात, मग पुन्हा फिकी. सातवं लागलंय तिला आणि नर्सबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडते. मला मात्र एका जागी बसवत नाही. पाणी आणायला जाते आणि बाटली रिकामीच घेऊन परत येते.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, घरात लहानपणी कुणाला किडनीचं दुखणं होतं का? आई ठासून म्हणाली, न्हाई. ती खोटं बोलली नाही. आपला थोरला भाऊ बंकट लहानपणीच काकूची नजर लागून गेला, हेच तिला खरं वाटतं. तू तेव्हा पाळण्यात होतास. त्यानंतर दगडाकाकूच्या हातचं पाणी आपण प्यायलो नाही, तुझ्या लग्नात तिला हळदसुद्धा लावू दिली नाही.

तीच काकू मागच्या महिन्यात वडवणीहून एसटीनं इथं आली. आईनं तोंड फिरवलं. काकू सरळ डॉक्टरांपुढं गेली. म्हणाली, 'बंकट्या बी असाच सुजलता. लघवी लाल व्हायची, अंग पांढरंफटक पडलतं. माज्याच मांडीवर होता.' डॉक्टरांनी लगेच माझं रक्त तपासायला पाठवलं. मला तेव्हापासून आपल्या सगळ्यांचाच नुसता संताप येतोय. बिचारीचं रक्तसुद्धा या घरचं नाही रे, ती तर सून म्हणून आलेली.

काल रिपोर्ट आला. दोष आपल्याच रक्तात आहे. माझ्यात निघाला, अजून अंगावर आला नाही इतकंच. तुझ्यातही दबून असू शकतो. तसं असेल आणि तू किडनी दिलीस, तर ती पोरीला टिकेल याचा भरवसा नाही, आणि तुझी उरलेलीही जाऊ शकते. सोमवारी येऊ नकोस. आधी तुझं आणि तुझ्या पोराचं रक्त तपासून घे. दोष नसेल तरच ये. असेल तर प्रांजलसाठी मी दुसरीकडं पदर पसरीन. पण तानाजी, एक भाऊ गेलाय माझा. दुसरा मी माझ्या लेकीसाठीसुद्धा देणार नाही.

तुझ्यावर हक्कानं ओरडणारी,
तुझीच सत्यशीलाताई