पाटीवर न लिहिलेली घंटी

नाना, काल दुपारी मी लेकीच्या मोबाइलवर तिच्याबरोबर एक मालिका बघत बसले होते. माणसं बोलत होती तशी खाली मराठी अक्षरं उमटत होती, आणि मध्येच कंसात आलं, 'दारावरची घंटी वाजते'. माझ्या लेकीचे कान चांगले तिखट आहेत. बाळ झोपलं होतं म्हणून तिनं आवाज बंद ठेवला होता, एवढंच. मी मात्र ते तीन शब्द वाचले आणि माझं डोकंच फिरलं. ऐकू येणाऱ्यांच्या सोयीसाठी आज घंटीसुद्धा लिहून येते. तुमच्या वेळी, माझ्या बापासाठी लिहायला काय कोणाचे हात मोडले होते? लेक विचारत राहिली, आई, काय झालं. तिला काय सांगणार? त्या तिरमिरीतच हा कागद घेतला आहे.

तुमचे कान गिरणीच्या मागांनी खाल्ले. साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, शेकडो माग एकदम खडखडायचे आणि त्यात तुम्ही बावीस वर्षं उभे होतात. धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरनं सांगितलं की आता यंत्र लावूनही उपयोग नाही. गिरणीच्या आत त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं, कारण तिथे आवाजानं कोणी बोलतच नसे. नुसते ओठ हलवायचे, बोटांनी खुणा करायच्या. दहा माग पलीकडचा माणूस चहाला बोलावतोय की मुकादम, म्हणजे तुमचा जॉबर, येतोय म्हणून सावध करतोय, हे तुम्हाला उभ्या जागी कळायचं. तुम्ही बहिरे व्हायचात ते फाटकाबाहेर आल्यावर. गल्लीतली माणसं तुमच्याशी बोलताना एकतर ओरडायची नाहीतर तोंड फिरवायची, आणि मला दोन्हीचा सारखाच राग यायचा.

मी अकरावीत असताना आपल्याकडे टीव्ही आला, काळा-पांढरा, जळगावहून आणलेला. निम्मी गल्ली आपल्या घरात येऊन बसायची आणि टीव्ही ज्यांनी आणला त्यांनाच त्यातलं काही कळायचं नाही. दिल्लीवाल्यांची हिंदी तुम्हाला ओठांवरून उमगत नव्हती. मग मी माझी जुनी पाटी काढली. तुमच्या शेजारी बसायचं, ऐकायचं आणि लिहायचं. सगळे हसले की तुम्ही माझ्या हाताकडे बघायचात, आणि माझं लिहून होईपर्यंत सगळ्यांचं हसून संपलेलं असायचं. कधी मला कंटाळा यायचा, कधी मलाच पुढचं बघायचं असायचं. मग मी लिहायची, 'विशेष काही नाही.' एकदा तुम्ही ते बोटानं पुसलंत, पेन्सिल माझ्या हातात परत दिलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "बठ्ठं लिख, माय. काय सोडानं ते मी ठरावसू." तुमचा आवाज नेहमीप्रमाणे मोठा होता. गल्ली हसली आणि मी तोंड फुगवलं. सगळं लिहायचं, गाळायचं काय ते तुम्ही ठरवणार; तुमचं म्हणणं किती साधं होतं, हे समजायला मला फार वर्षं लागली.

रविवारी दुपारी परमुलखातले सिनेमे लागायचे. त्यांच्याखाली इंग्रजीत ओळी यायच्या. तुम्ही एकदा त्या ओळींवर बोट ठेवून मला विचारलंत, "लोकस्ले भाषा येत नही म्हनीसन लिखतस ना? मंग माले ऐकू येत नही, मन्हासाठे का बरं लिखतस नही?" मी खांदे उडवले. लिहिता येत होतं, अक्षरं पडद्यावर उमटवता येत होती. फक्त तुम्ही कोणाच्या मोजणीतच नव्हता.

मग गिरणीनं नवे माग आणायचं ठरवलं. माग यायच्या आधी कॅन्टीनमध्ये व्हिडिओ आणून फिल्म दाखवणार, नंतर प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारणार, जमेल त्याला नव्या मागावर घेणार आणि उरलेल्यांना रद्दी सुताच्या गोदामात धाडणार, असं ठरलं. ज्यांचे कान त्याच खात्यात गेले, त्यांची परीक्षा ऐकण्यावर! तुम्ही खात्याच्या साहेबाला एवढंच म्हणालात की फिल्ममध्ये जे बोलतात ते कागदावर द्या, मी वाचून घेतो. साहेब म्हणाला, "डोळे आहेत ना तुम्हाला? मग बघा." हे जॉबरनं मला नंतर सांगितलं. त्याला तुमच्याबद्दल कीव नव्हती, आदर होता, म्हणून त्यानंच रदबदली करून मला पाटी घेऊन आत बसू दिलं.

कॅन्टीनमध्ये मी एकटीच मुलगी. मागचे लोकही माना वाकड्या करून माझ्या पाटीकडे बघत होते, कारण त्यांतल्या कितीतरी जणांची गत तुमच्यासारखीच होती. साहेबाला हे समोर दिसत होतं आणि तरी तो आरामात चहा पीत होता. फिल्म हिंदीत भराभर बोलत होती. मी ऐकत होते, मराठी करत होते, लिहीत होते, पुसत होते. मग फिल्ममधला माणूस म्हणाला की सूत तुटलं की घंटी वाजेल, तेव्हाच वरचा लाल दिवा लागेल, मग आधी सूत सांधा आणि नंतरच माग सुरू करा. घंटी हा शब्द ऐकला आणि माझा हात थांबला. इतक्या लोकांत तुमच्यासमोर मी घंटी लिहू? जे तुम्हाला कधी ऐकूच येणार नाही ते? मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. मी ते अख्खं वाक्य सोडलं. कॅन्टीनमधल्या टीव्हीच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तो लाल दिवा कोणाच्या लक्षातही आला नाही.

तुमची पाळी आली. साहेबानं प्रश्न विचारला आणि जॉबरनं तो तुमच्यासाठी मागावरच्या रीतीनं नुसत्या ओठांनी सांगितला. घंटी वाजली की काय कराल? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मान खाली घातली. मग तुम्ही साहेबाला म्हणालात, "मन्हं ध्यान नव्हतं." बावीस वर्षांत ज्याचं ध्यान एकदाही ढळलं नाही, त्या माणसानं हे सांगितलं. साहेबानं तुमच्या नावापुढे फुली मारली. त्या फुलीचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नवे माग आले तेव्हा जॉबर घरी येऊन तुम्हाला सांगून गेला की दिवा चांगला लिंबाएवढा आहे, लांबूनही दिसतो. तुम्ही तोवर गोदामात होतात, आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच राहिलात.

नाना, साहेबाबद्दल मी आजवर खूप बोलले. लेकीला, शेजारणींना, प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली, पण ती नेहमी फुलीपाशी थांबवली. त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही पाटी माझ्यापुढे ठेवलीत आणि कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलंत, "फिलममा घंटी व्हती का?" मी लिहिलं, 'नव्हती.' तुम्ही ते वाचलंत, सदऱ्याच्या बाहीनं पुसलंत आणि जेवायला बसलात. त्यानंतर तुम्ही माझ्याकडे पाटी कधी मागितली नाही. टीव्ही लागला की तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसायचात.

हा कागद मी, तुम्ही गेल्यापासून जपलेल्या त्या पाटीखाली ठेवणार आहे. लेकीला दाखवणार नाही.

घंटी होती, नाना.